माळ्यावरचा विश्राम

वडशातल्या मनकर्णाबाईंच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या रांगत्या बाळापासून सात वर्षांच्या दिव्यानीपर्यंत आठ मुले होती, आणि त्यांच्यावर राज्य बाईंचे यजमान बापूजी, म्हणजे मुलांचे आबाजी, करीत होते. निदान बापूजींची तशी श्रद्धा होती. छत्तीस वर्षे त्यांनी शाळेत संस्कृत शिकवले, पण त्यांचे सांगणे शेवटच्या बाकापर्यंत कधी पोचले नाही. निवृत्तीनंतर या आठ जणांनी मात्र त्यांचा शब्द झेलला. त्यामुळे तो शब्द त्यांना प्राणाहून प्रिय झाला होता.

सगळी खेळणी एकाच वेळी बाहेर असली की मुले खेळण्यांना हात लावीत नाहीत, एकमेकांना लावतात, हे बापूजींच्या ध्यानात आले होते. म्हणून त्यांनी खेळण्यांचे तीन वाटे केले. एक वाटा खाली राही आणि उरलेले दोन माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांत विश्राम घेत. दर सोमवारी सकाळी पाळी बदले. गोट्या, मणी आणि कॅरमच्या सोंगट्या या घशात अडकणाऱ्या मंडळींचा डबा निराळा. रांगती प्रजा झोपी गेल्यावाचून तो उघडत नसे. वर गेलेली वस्तू आपल्या सोमवारखेरीज खाली यायची नाही. अगदीच नड पडली, तर मागणाऱ्याने आपले सर्वांत लाडके खेळणे तिच्या बदल्यात वर पाठवावे. हा अपवाद बापूजींनी हौसेने घातला होता, कारण अपवादावाचून नियमाला भारदस्तपणा येत नाही असे त्यांचे मत होते. तीन महिन्यांत चावाचावी थांबली. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीसाठी ज्याने दोनदा दुसऱ्याचे रक्त काढले होते, तो चार वर्षांचा झिंगू आता नंदी वर जाऊ लागला की त्याला हात जोडी.

अशा सुराज्यात एका मंगळवारी दुपारी चार वाजता रीता धावत आली. ती झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीची नायिका. रात्रभर नाटक करून पहाटे परतल्यावर चार घटका झोप मिळावी, म्हणून ती आपल्या दोन वर्षांच्या प्रियाला इथे ठेवी.

"बाई, नाटकातली बाहुली इथी आली का वो? काल प्रियाच्या पिशवीतच राह्यली. काल रात्री नाटकाले सुटी होती म्हणून ध्यानात नाई आलं. आता पाच वाजता गाडी निघते, अन् पहिल्याच अंकात मले ते लेकरू देवळाच्या पायरीवर टाकून रडाचं हाये!"

बापूजींना तत्काळ स्मरले. लाल दुपट्यात गुंडाळलेली, काजळ घातलेली ती रबरी बाहुली त्यांना काल खेळण्यांच्या ढिगात सापडली होती. तिचे डोळे मिटत नाहीत, त्याअर्थी विश्रांतीची गरज तिलाच सर्वांत अधिक, असे ठरवून त्यांनी तिला स्वहस्ते पेटीत निजवले होते.

"ती माळ्यावर आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "येत्या सोमवारी खाली येईल."

"सोमवारी? बापूजी, मंग आज का पायरीवर उशी टाकू? लोक खुर्च्या फेकतीन!"

"आवो, द्या न काढून," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमचा कायदा लेकरांसाठी हाये का नाटकवाल्यांसाठी?"

बापूजींनी मुलांकडे पाहिले. दोन झोपलेली होती. उरलेली सहा त्यांच्याकडेच पाहत होती. रीताचे नाटक बुडू देणे पाप, आणि या सहा जणांसमोर शब्द मोडणे त्याहून मोठे पाप. मग त्यांना तिसरेच पाप सुचले.

"बाळांनो, अंगणात जा पाहू. आंब्यावर धनेश पक्षी आला आहे... बहुधा."

मुले धावली. बाई स्टुलावर चढल्या, बापूजींनी स्टूल धरले, आणि पेटीचे झाकण असे करकरले की प्रिया झोपेतून उठून बसली.

"आबाजी," दारातून दिव्यानीचा आवाज आला, "झाडावर कोनीच नाई. अन् पेटी काऊन उघडली? आज सोमवार हाये का?"

"मंग माहा नंदी बी काढा!" झिंगूने भोकाड पसरले. पाठोपाठ कुणाला ट्रक हवा झाला, कुणाला भातुकली. तीन महिन्यांचे राज्य तीन पळांत कोसळू लागले. बाहेर कंपनीच्या गाडीने भोंगा वाजवला.

"शांत व्हा!" बापूजी म्हणाले. "नियमात बदल्याची सोय आहे. रीताबाई, आपण एखादी वस्तू वर ठेवा."

"पेटी त तुमी उघडली न, आबाजी," दिव्यानी म्हणाली. "मंग तुमीच ठेवा."

बापूजींनी वर्तमानपत्र पुढे केले.

"ते त तुमी तोंडावर घेऊन झोपता. लाडकं पाह्यजे."

"आबाजीचं खेळणं खिशात हाये," झिंगू रडे थांबवून म्हणाला. "मोरीमागं जाऊन हातावर घोटते न, ते."

दसऱ्याला बापूजींनी तुळशीसमोर, मनकर्णाबाईंच्या साक्षीने, तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला होता.

बाई स्टुलावरून एकेक पाय मोजत उतरल्या. बापूजींना नाही म्हणता आले असते. चार वर्षांच्या पोराची साक्ष कोण मानतो? पण सहा जोडी डोळे त्यांच्या खिशाकडे लागले होते, आणि त्यांत शंका नव्हती, नुसती वाट पाहणे होते. शेवटच्या बाकाने त्यांच्याकडे असे कधीच पाहिले नव्हते. त्यांनी खिशात हात घातला आणि रबर लावलेली प्लास्टिकची पुडी बाहेर काढली.

"वास कायचा येते म्हणलं, त म्हने पाचक चूर्ण हाये!" मनकर्णाबाई उद्गारल्या. "चूर्ण! अन् मी शेजारणीले सांगत फिरून राह्यली, का आमच्या यायनं सोडला म्हणून!"

त्यांनी पुडी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत कोंबली, झाकण घट्ट आवळले आणि माळ्यावर, मुलांचा हात कधीही पोचणार नाही अशा कोपऱ्यात, आढ्याला लागून, तिची स्थापना केली. मगच बाहुली खाली आली. रीताने ती पायाला धरून उलटी उचलली आणि धूम ठोकली.

"मावशी, डोकं सांभाळ!" झिंगू ओरडला. गाडीत चढता चढता नायिकेने लेकरू सुलटे केले.

मुले आपापल्या खेळाकडे वळली. नंदी कुणी पुन्हा मागितला नाही. बापूजी खुर्चीत टेकले. पानठेला चार घरे पलीकडे होता, आणि दुसरी पुडी घेण्यास नियमाची कोणतीही आडकाठी नव्हती. त्यांनी ते तपासून पाहिले होते. ते उठले, चपला घालून फाटकापर्यंत गेले. मागे वळून पाहतात, तो दिव्यानी ओट्यावर उभी.

बापूजी परतले. त्यांनी चपला काढून जागेवर ठेवल्या.

"दिव्यानी, सोमवार किती दिवसांवर आहे?"

तिने बोटे मोजली. "सहा."

"आजचा दिवस धरून की सोडून?"

"सोडून, आबाजी."

बापूजींनी स्वतःच्या बोटांवर एकदा मोजून पाहिले. गणित बरोबर होते.