आतून गुळगुळीत

अजेलीने होडीतूनच, बदकांच्या घरट्यासाठी पाण्यावर लावलेल्या पेटीचं दार उघडलं आणि आत वाकून पाहिलं.

आतल्या सायप्रस लाकडाच्या फळ्या गुळगुळीत होत्या. तळाशी बदकीने स्वतःच्या छातीची पिसं उपटून अंथरली होती. त्यांत बरीच पिल्लं निपचित पडलेली, चार-पाच अजून भिंतीवर नखं मारत होती आणि घसरत होती. बदकी पहाटेपासून लव्हाळ्यातून हाका मारत होती.

पेटी तिच्या नवऱ्याने, ओविदनेच केलेली. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस त्याने स्वतःची शवपेटी बनवली, "यात दोघं मावतील की रे म्हाताऱ्या," म्हणून अजेलीने चिडवलंही होतं. उरलेल्या फळ्यांची ही पेटी. बदकांचा जुना पोकळ सायप्रस वादळात पडला होता, तेव्हा बदकीला यंदा ढोली कुठली, याचाच त्याला घोर. दरवेळी अशी पेटी करताना तो आतून पटाशीने खाचा पाडायचा, पिल्लांना वरच्या भोकापर्यंत चढता यावं म्हणून. या खेपेला शवपेटीवर रंधा मारून वळलेला हात तसाच फिरला. खाचा राहून गेल्या.

बदकांची जोडी आली तेव्हा तो खूश झाला होता.

"बघ त्याचा हिरवा तुरा, लाल डोळा! नवरदेव आहे नुसता."

"हो, आणि अंडी उबवायची वेळ आली की पसार. मागे ती बिचारी मातकट, डोळ्यांभोवती पांढरं घेऊन बसलेली."

आता तो खिडकीत उशांना टेकून बसला होता. पिल्लांच्या उड्या बघतो आणि मग शेवटच्या प्रार्थनेला पाद्र्याला बोलवा, असं त्याने सगळ्यांना बजावलं होतं.

"काय गं, उतरतायत का?" त्याची हाक पाण्यावरून कशीबशी पोचली.

"तुझ्यासारखीच आळशी आहेत!"

तिने खिडकीकडे पाठ केली. जिवंत पिल्लू उचलून आतूनच भोकापाशी नेलं आणि सोडलं. ते टपकन पाण्यात पडलं आणि हाकेच्या दिशेने पळालं. मग दुसरं. मेलेली पिल्लं ती एप्रनच्या खिशात भरत होती. तिला भडभडून आलं, पण खांदे हलू दिले नाहीत.

घरात आली तेव्हा ओविद खिडकीबाहेरच बघत होता.

"यंदा थोडीच होती," ती म्हणाली. "गम्बोचं कालवण गरम करू?"

"उडी मारणारं पिल्लू पंख पसरतं, अजेली. ही दगडासारखी पडली."

त्याने हात पुढे केला. तिने खिसा त्याच्या गोधडीवर रिकामा केला. एकेक पाय बोटांत धरून तो झिजलेली नखं बघत राहिला.

"खाचा राहिल्या," तो म्हणाला.

तिने ओंजळ पुढे केली. "मागे कुंपणापाशी पुरते यांना."

"नको. माझी शवपेटी मोठीच झालीय, तूच म्हणालीस."

त्याने गोधडीचा कोपरा पिल्लांवर ओढला.

"आता बोलाव पाद्र्याला."