काचेवरचं कुंकू

मी एक जुना सेन्सर आहे, अंतर मोजणारा. मित्रांनो, सध्या मी पडेगावच्या एका भंगारवाल्याकडे पोत्यात पडून आहे. इथे मोजायला काही नाही. समोर गोणपाट, तेही नाकाला चिकटलेलं.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. आठवतो तो वाळूजचा कारखाना. तेव्हा तिथे नव्या नव्या शेड उभ्या राहत होत्या आणि गावोगावची माणसं कामाला येत होती. मला पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसवर बसवलं. कामगाराचा हात साच्यापासून किती दूर आहे, एवढंच मी सांगायचं. आम्ही बरेच सेन्सर एकाच वायरीवर होतो, प्रत्येकाची राखणीची जागा वेगळी. कंट्रोलची पेटी वर्गातल्या हजेरीसारखा एकेकाचा नंबर पुकारायची. ज्याचा नंबर, त्यानेच बोलायचं; बाकीच्यांच्या तोंडाला कुलूप. माझा नंबर सात. मला तो नियम आवडायचा, आगाऊपणा माझ्या स्वभावातच नव्हता.

प्रेसवर पिशोरचा कडुबा होता. घरची माणसं मेंढरं राखायची, हा पहिलाच कारखान्यात आलेला. एकदा त्याचा हात आत राहिला. मी "जवळ" म्हणालो आणि प्रेस जागीच थांबला. तेव्हापासून दर दसऱ्याला, यंत्रांची पूजा झाली की तो मला वेगळं कुंकू लावायचा. "ह्यानं माझा हात राखला," म्हणायचा. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

एका वर्षी मायेच्या भरात त्याचं बोट थेट माझ्या काचेवर टेकलं. दुसऱ्या दिवशी मला कुंकवाशिवाय काही दिसेना. पेटीने विचारलं की मी म्हणायचो, "जवळ." पुन्हा विचारलं, पुन्हा "जवळ." प्रेस हलेना. ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. शहर बंद होतं, त्यामुळे फिटर नानासाहेब येऊ शकले नाहीत.

"पुसून बघू का?" कडुबाने विचारलं.

"पूजेचं कुंकू हाय. पुसत असत्यात व्हय?" मुकादम सर्जेराव म्हणाले. "नानासाहेब येईस्तोवर सात नंबर सोडून देऊ."

कडुबाने पुढे केलेलं फडकं मागे घेतलं. पेटीने सहानंतर एकदम आठला पुकारलं आणि प्रेस चालू झाला.

दुपारी पत्रा अडकला. सात नंबर बंद आहे हे कडुबा विसरला. नेहमीसारखा माझ्या भरवशावर त्याने हात आत घातला. मित्रांनो, त्या क्षणी माझं उत्तर अगदी बरोबर होतं. जवळ. हात जवळ आहे. पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नव्हतं, आणि मला कोणी विचारलं नाही. प्रेस खाली आला.

चौकशीत 'सेन्सर बिघडला होता' असं ठरलं आणि मला काढून टाकलं.

काही महिन्यांनी कडुबा कारखान्यात आला. उजवी बाही खाली मोकळी लोंबत होती. भंगाराच्या ढिगातून त्याने डाव्या हाताने मला उचललं, छातीशी धरलं आणि सदऱ्याच्या टोकाने काच पुसली.

"आता दिसतंय का रं?" त्याने विचारलं.

मला त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. पण सांगायला वायर उरली नव्हती.

मित्रांनो, जो तुमची राखण करतो त्याला हार घातला नाही तरी चालेल. त्याची काच तेवढी पुसत जा. आणि त्याचा नंबर कधी गाळू नका.