न पाहिलेली गुणपत्रिका

बी.कॉम.ला शेहेचाळीस टक्के पडलेल्या ईश्वरीला परभणीतल्या दिनकरराव नावाच्या कर सल्लागाराने पाच मिनिटांत नोकरी दिली. याचा आनंद तिला बरोबर एक दिवस झाला. दुसऱ्या दिवसापासून डोक्यात किडा वळवळायला लागला. दिनकररावांनी तिची गुणपत्रिका हातातसुद्धा घेतली नव्हती. तिच्या आधी मुलाखतीला बसलेला सारंग चांगला डिस्टिंक्शनवाला, त्याला 'कळवतो' म्हणून वाटेला लावलं आणि हिला म्हणाले, "उद्यापासून या." आता सांगा, हे पचतं का कुणाला?

बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. पगार एक तारखेला हातात. काम शिकवायचे तेही मन लावून. दोन महिन्यांत ईश्वरी व्यापाऱ्यांची जीएसटी नोंदणी एकटीने करायला लागली. कॉलेजात ज्या विषयाने तिला दोनदा लोळवलं होतं, तोच आता सरळ वाटायला लागला. पण काही फायली दिनकरराव दार लोटून स्वतःच बघायचे. आणि अधूनमधून सहज विचारायचे, "काय, गुरुजी बरे आहेत ना?"

गुरुजी म्हणजे तिचे वडील बन्सीधर, चुडाव्यात पूजा सांगणारे साधे भिक्षुक. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं हे खरं, पण अर्जात तिने नुसतं वडिलांचं नाव लिहिलं होतं. परभणीतल्या या माणसाला गुरुजी कुठून कळले? ईश्वरीने ही गोष्ट मनात धरून ठेवली.

एका दुपारी साहेब नांदेडला गेले. गरजू पोरांच्या पॅनवर बोगस फर्म काढतात, हे तिने ऐकलं होतं. पॅनवरून फर्म कशी शोधायची हेही तिला आता येत होतं. स्वतःचा नंबर टाकून पाहिला. काही निघालं नाही, जीव भांड्यात पडला. मग वडिलांच्या पॅनचा फोटो मोबाईलमध्ये होताच, म्हणून त्यांचाही नंबर टाकला.

बन्सीधर ट्रेडर्स, चुडावा. भंगार लोखंडाची विक्री. वर्षाची उलाढाल दीड ते पाच कोटी.

दक्षिणेच्या पलीकडे ज्यांचा हिशेब कधी गेला नाही, ते बाबा कोट्यवधींचं भंगार विकत होते! अर्थात सगळं कागदावर. खोटी बिलं फाडायची, दुसऱ्यांचा कर चुकवून द्यायचा आणि आपण मलई खायची. उद्या धाड पडली की दिनकरराव नामानिराळे आणि नोटीस गुरुजींच्या दारात. ईश्वरीचं डोकं तापलं. तिने कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो काढला आणि संध्याकाळची गाडी धरली.

गाडीत बसल्यावर मात्र तिला दुसरंच आठवलं. तिने स्वतः केलेल्या प्रत्येक नोंदणीत आधारच्या मोबाईलवर ओटीपी यायचा. तो सांगितल्याशिवाय काम पुढे सरकायचंच नाही. आणि बाबांचा मोबाईल तर सदा बाबांच्याच पिशवीत.

घरी येऊन तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत. "बाबा, दिनकररावांना ओटीपी तुमी सांगितला?"

"सांगितला की," गुरुजी म्हणाले. "पूर्णेला सत्यनारायणाला भेटले होते. कागद द्या म्हणले, पोरीला लावून घेतो म्हणले. दोन-चार सह्या केल्या. तुला तरी कोण घेणार होतं, ईश्वरी? शेहेचाळीस टक्क्यांत?"

मायेनं बोलले, तेच जास्त लागलं. दोन महिने ती साहेबांवर डोळा ठेवून होती आणि कारण आपल्याच घरात बसलं होतं. तिला लय वाईट वाटलं. मग तिने बाबांना सगळं समजावून सांगितलं, भंगार, बिलं, कोटी. गुरुजींचा चेहरा उतरला.

"पोलीस येतील का गं?"

"आपण आधी गेलो तर आपलं ऐकतील. उद्याच जीएसटीच्या कार्यालयात जाऊ."

"आणि तुझी नोकरी?"

"ती जाईल."

तिने तिथेच बसून अर्ज लिहिला. नोंदणीचा क्रमांक, तारीख, कागद कुणी, काय सांगून नेले, नोंदणी रद्द करावी, चौकशी व्हावी. कुठे खाडाखोड नाही. गुरुजींनी चष्मा चढवला. दिनकररावांच्या कागदांवर एक ओळ न वाचता सह्या करणाऱ्या या माणसाने लेकीचा अर्ज तीनदा वाचला.

"बरोबर लिहिलंस ना?" त्यांनी विचारलं. "कुण्या जाणकाराला दाखवून घ्यावं का?"

"जाणकारानंच लिहिलाय, बाबा. करा सही." ईश्वरीने त्यांच्या हातात पेन दिलं.

गुरुजींनी पेन खाली ठेवलं आणि अर्ज चौथ्यांदा वाचायला घेतला.