दातारांचं वजन

गडीसर तलावात होडी मीनल शिंत्रेच्या बाजूला कलली, तेव्हा कुंदाच्या लक्षात आलं की आपल्या नवऱ्याचं वजन त्या बाईकडे गेलं आहे. दातार कुंदाच्या शेजारीच बसले होते, चांगले शहाण्णव किलोचे, डोक्यावर पांढरी टोपी घालून, आणि त्यांच्याकडची होडीची कड पाण्यापासून हातभर वर उचलली गेली होती. समोरच्या फळीवर मीनल एकटीच होती. अंगाने काटकुळी बाई, पण तिच्या बाजूने पाणी आत येत होतं. होडीवाल्याने तिला मधोमध बसायला सांगितलं.

"अहो, तुमचं वजन कुठं गेलं?" कुंदाने विचारलं.

"काय की. सकाळपासून हलकं वाटतंय खरं," दातार म्हणाले आणि तलावातल्या दगडी छत्र्यांचे फोटो काढू लागले.

याला कुंदाच कारण होती, हे सांगायलाच हवं. आदल्या दिवशी जोधपूरहून जैसलमेरला येताना सहलीचे व्यवस्थापक बिवलकर यांनी बसमध्ये माईक फिरवला. बस मराठी माणसांची असली की आधी गाण्याच्या भेंड्या होतात, आणि भेंड्यांचा कंटाळा आला की बायकांना उखाणे घ्यायला लावतात. माईक कुंदापाशी आला तेव्हा "मला नाही बाई येत," म्हणून तिने तो पुढे ढकलला. येत होता. लग्नात घेतला होता, डोहाळजेवणात घेतला होता. पण जोधपूरच्या निळ्या घरांपुढे दातारांनी तिला अर्धा तास उन्हात उभं करून फोटो काढला होता आणि फोटोत तिचं डोकंच आलं नव्हतं, त्याचा राग डोक्यात होता. एकतीस वर्षं नुसतं "अहो" म्हणून भागलं होतं. आणखी एक दिवस भागेल असं तिला वाटलं.

पुढच्या सीटवर मीनल होती. निपाणीची ग्रंथपाल, लग्न न केलेली, सहलीला एकटी आलेली. स्वभावाने चांगली, हेही सांगून टाकतो. "वहिनी लाजतात. त्यांच्या वतीनं मीच घेते की," असं म्हणून तिने माईक घेतला आणि उखाणा घेतला:

"वाळवंटात उंट चालतो सावकाश,
...रावांचं नाव घेते, स्वच्छ आहे आकाश."

बसभर टाळ्या पडल्या. टिंबं दिली आहेत तिथे तिने दातारांचं नाव घेतलं. ते मी इथे लिहीत नाही. एका माणसाचं नाव किती जणांच्या तोंडी जावं यालाही काही सुमार आहे.

तलावानंतर किल्ला होता. चढण चांगलीच दमवणारी, पण दातार तरातरा वर गेले. मीनल मात्र दर दहा पावलांवर थांबून भिंतीला धरत होती.

"गुडघे भरून आलेत वहिनी," ती म्हणाली. "डावा जास्तच. मला असं कधी होत नाही."

डावा गुडघा दातारांचा होता. वीस वर्षं कुंदाने त्याला तेल चोळलं होतं, कुरकुर करत, पण चोळलं होतं. आता ते दुखणं दुसरीच बाई दोन हातांनी कुरवाळत होती, आणि कुंदाला मत्सराने रडू येईलसं झालं. दुखण्याचा कुणी मत्सर करतं का, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं. करतं, असं उत्तर आलं.

जेवायला दालबाटी होती. दातारांनी पाच बाट्या तुपात कुस्करून खाल्ल्या आणि सहावी मागितली. पलीकडे मीनलने ताट बाजूला सारलं.

"जेवणच जाईना मला. कुणीतरी आग्रह करकरून वाढल्यागत झालंय."

कुंदाने खात्री करायची ठरवलं. टेबलाखालून तिने नवऱ्याच्या पायावर टाच रोवली. दातार लोणचं चाटत राहिले. मीनल "आई गं" म्हणाली आणि वाकून आपली चप्पल काढून पाहू लागली. तेवढ्यापुरतं कुंदाला बरं वाटलं.

दुपारी हवेल्या पाहायच्या होत्या. दगडात कोरलेल्या जाळीच्या खिडक्या, त्यांतून येणारा वारा, सगळे वा वा करत होते. तिसऱ्या मजल्यावर त्या वाऱ्याने दातार जमिनीपासून टीचभर वर उचलले गेले आणि हळूहळू मीनल उभी होती त्या खिडकीकडे सरकू लागले. कुंदाने त्यांचा पट्टा धरला. तेव्हापासून तिने तो सोडलाच नाही. मोजड्यांच्या दुकानातही एका हाताने पट्टा धरून ती माप देत होती. हौशी जोडपं आहे, असं बसमधल्या बायका म्हणाल्या.

वाळूच्या टेकड्यांकडे जाताना बसमध्ये कुंदाने मनाशी हिशेब मांडला. नाव घेतल्याने गेलं, तर नाव घेतल्याने परत येईल. तिने लग्नातला उखाणा मनात म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ आली, दुसरीही अर्धी आली, आणि नावाच्या जागी काहीच नव्हतं. तिने पर्समधून आधारकार्ड काढलं. त्यावर "कुंदा" होतं आणि "दातार" होतं, मधे बोटभर कोरी जागा होती.

"अहो, तुमचं नाव काय?"

दातारांनी खरोखर विचार केला. "मीनलताईंना विचार," ते म्हणाले. "त्यांना येतं."

विचारणार कशी? मीनलने आणखी एकदा ते नाव उच्चारलं असतं तर उरलेसुरले दातारही तिच्याकडे गेले असते. कुंदा पट्टा घट्ट धरून बसली.

तंबूंच्या फाटकावर ओळखपत्रं तपासत होते. मीनल तिथेच अडली.

"बिवलकर, माझ्या बाबांचं नाव कुठं गेलं?"

"छापताना चुकलं असेल."

"काल बरोबर होतं. मीनल बाळासाहेब शिंत्रे. आता बघा हे कोण आहे मधे." तिचे डोळे भरून आले. तिचे वडील जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

कुंदाला तिची दया यायला हवी होती. आली नाही. तिने मीनलच्या खांद्यावरून कार्डावर नजर टाकली, मधली तीन अक्षरं वाचली आणि तोंड मिटून घेतलं. चहा आला तरी ती प्यायली नाही.

सूर्य कलला होता. सगळे वाळूत कोंडाळं करून बसले. कुंदाने दातारांना खाली बसवलं, मांडीवर पाण्याच्या बाटल्यांचं खोकं ठेवलं, आणि कुणी आग्रह केला नसताना टेकडीच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली.

"वाळूच्या डोंगरावर वारा सुटला गार,
...रावांचं नाव घेते मी कुंदा दातार."

आधी डावा गुडघा दुखला. मग पोटात सहा बाट्या आल्या. मग वजन आलं, सगळंच्या सगळं, आणि तिची पावलं घोट्यापर्यंत वाळूत गेली. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

खाली मीनल पाठ ताठ करून उभी राहिली. "हुश्श. सुटले बाई," ती म्हणाली आणि कार्ड काढून पाहिलं. "आले. बाबा आले परत."

दातार टाळ्या वाजवत होते. "छान घेतला, नाही?" त्यांनी विचारलं. विचारलं मीनलला.

कुंदाने पुन्हा नाव घेतलं. वाळू गुडघ्यांपर्यंत आली. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा कमरेपर्यंत आली. मीनल धावत वर गेली.

"वहिनी, पुरे. तुमचेच आहेत ते."

"तुझ्या तोंडात अजून आहे."

"नाही हो. मी विसरले. खरंच विसरले, बाबांची शपथ."

कुंदाचा विश्वास बसला नाही. मीनलच्या जागी ती स्वतः असती तर विसरली नसती. तिने आणखी एकदा घेतलं.

खोकं बाजूला ठेवून दातार टेकडी चढून आले. वाळूवर त्यांच्या पावलांचे ठसे उठत नव्हते. ते वाकले आणि नेहमीच्या, जरा वैतागलेल्या आवाजात म्हणाले, "अगं, हात दे इकडे."

तिने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. दोरीवर वाळलेल्या सदऱ्याच्या बाहीइतका तो हलका होता. दातारांनी जोर लावून ओढलं, पण ती जागची हलली नाही. त्यांचेच पाय वाळूवरून सुटले आणि ते वाऱ्यावर आडवे तरंगू लागले. वाळू तिच्या छातीला लागली होती. शेजारी मीनल गुडघ्यांवर बसली होती, चुकून काही निघू नये म्हणून तोंडावर दोन्ही हात गच्च दाबून.

कुंदाने तिच्याकडे पाहिलं आणि नाव घेतलं.