रस्त्याची गाडी

"जपून, टाकीला ओरखडा पडेल," शोरूमचे मालक म्हणाले.

गाडीखाली डॉक्टरांचा पाय होता. मोटरसायकलचं पावणेतीनशे किलोचं ते धूड उताराकडे कलंडलं होतं आणि जळक्या क्लचचा वास चिखलाच्या वासात मिसळून नाकात बसत होता. बरोबरचे पाच-सहा जण हेल्मेट घालूनच उभे होते. एकाच्या हातात फोन होता आणि त्याचं शूटिंग अजून चालूच होतं. मिस्त्री कोणासाठी थांबला नाही. गाडीकडे पाठ करून तो खाली बसला, हँडल आणि सीटमागची धरायची नळी पकडली आणि पायांच्या जोरावर मागे रेटत रेटत त्याने एकट्याने गाडी उभी केली. मग कुठे एकाला पुढे होऊन ती धरायची बुद्धी झाली. डॉक्टरांचा बूट नको त्या बाजूला वळला होता.

मिस्त्री त्या शोरूममध्ये सव्वीस वर्षं होता. तिथे सगळ्या लांब पल्ल्याच्या, जड, महागड्या गाड्या. त्यांचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, टायर डांबरासाठी केलेले. सरळ रस्त्याला लागल्या की पाण्यावरून नाव जावी तशा जात. यंदा त्या खपेनात, तेव्हा मालकांनी टूम काढली. गिऱ्हाइकांना रविवारी डोंगरातल्या जुन्या खाणीच्या वाटेने न्यायचं, फोटो काढायचे आणि आपली गाडी कुठेही जाते हे जगाला दाखवायचं. मिस्त्री आदल्या आठवड्यात ती वाट बघून आला होता. सुटे दगड, गुडघाभर चाकोऱ्या. ही रस्त्याची गाडी आहे, तिला तिथे नेणं म्हणजे म्हशीला जिना चढवणं, असं त्याने मालकांना केबिनमध्ये जाऊन सांगितलं. मालक हसले. गिऱ्हाइकांसमोर हे बोलू नका, एवढंच म्हणाले.

आणि तो बोलला नाही. डांबर संपलं तिथे सगळे थांबले, तेव्हा डॉक्टर गाडीवरून उतरून मुद्दाम त्याच्याकडे आले होते. दातांचे डॉक्टर, साठी ओलांडलेले. दवाखाना सुनेच्या हाती सोपवून त्यांनी जन्मात पहिल्यांदा हौसेखातर काही घेतलं होतं, ते म्हणजे ही गाडी. सर्व्हिसिंगच्या दिवशी ते मिस्त्रीशेजारी स्टूल ओढून बसत आणि एकेक नट कशाचा ते विचारत.

"मिस्त्री, मला जमेल ना हे? खरं सांगा."

मालक चार हातांवर उभे होते. मिस्त्रीने उगाच टायर दाबून पाहिला.

"जमेल की. बिनधास्त जा, डॉक्टरसाहेब."

तिसऱ्याच वळणावर पुढचं चाक चाकोरीत अडकलं आणि डॉक्टरांनी गाडी सावरायला पाय टाकला. एवढी जड गाडी कधी पायाने सावरत नाही. हे मिस्त्री त्यांना स्टुलावर बसलेले असताना कधीही सांगू शकला असता.

हॉस्पिटलमधून परतताना मालकांनी ठरवून टाकलं की डॉक्टर घाबरले आणि त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. कोणी विचारलं तर हेच सांगायचं. मिस्त्री म्हणाला, की आपण आधीच बजावलं होतं. मालकांनी रस्त्यावरची नजरही काढली नाही.

"मला बजावलंत. त्यांना 'बिनधास्त जा' कोण म्हणालं?"

मिस्त्रीला या माणसाची शिसारी आली. पण मालकांचं वाक्य खोटं नव्हतं आणि तीच शिसारी फिरून त्याला स्वतःचीही आली.

रात्री जेवताना बायकोने फोन पुढे केला. शोरूमने तो व्हिडिओ लोकांना पाठवला होता, पडण्याचा भाग कापून. सुरुवातीला डॉक्टर काहीतरी विचारताना दिसत होते, मग एक मऊ, तुपात घोळलेला आवाज. जमेल की. बिनधास्त जा.

"तुमचाच ना हा आवाज?" बायकोने विचारलं. "कसा लागलाय बघा."

त्याने ताट सारलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर जायच्या आधी हॉस्पिटलमध्ये गेला. डॉक्टरांच्या पायात घोट्याच्या वर सळई घातली होती. शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. मिस्त्री आत येताच त्या उठल्या. एकट्याने गाडी उचलणारे ते तुम्हीच ना, असं म्हणत त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, खुर्ची दिली, थर्मासमधला चहा कपात ओतून पुढे केला. तुम्ही नसतात तर पायच गेला असता, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. प्रत्येक वेळी मिस्त्रीला स्वतःची जास्तच किळस वाटत होती.

"बाई, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "जमणार नाही हे मला ठाऊक होतं. डॉक्टरसाहेबांनी खरं सांगा म्हणून विचारलं, तरी मी जा म्हणालो. मालक ऐकत होते म्हणून."

डॉक्टरच हसल्यासारखं करून म्हणाले,

"कळलं होतं मला. जन्मभर दुखत नाही म्हणणाऱ्यांचीच तोंडं बघितलीत मी. पण मला जायचं होतं हो. कोणीतरी हो म्हणायला हवं होतं, इतकंच."

मिस्त्रीने मान खाली घातली. हे असं सहज सुटणं त्याला नको होतं. कप तसाच हातात होता, त्यातला एक घोटही त्याने घेतला नव्हता.

डॉक्टरांच्या पत्नी पुढे आल्या. त्यांनी तो भरलेला कप त्याच्या हातातून काढून घेतला, ना रागाने, ना घाईने, आणि कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये ओतला. मग नळ सोडून कप विसळू लागल्या. चांगला वेळ विसळत राहिल्या.

मिस्त्री उठला. ज्या खुर्चीवर बसला होता ती त्याने उचलून, आवाज न करता, भिंतीला लावून ठेवली.