पारव्याच्या गाण्याची दोन कडवी

पँट आखूड झाली, बाही लांब झाली, असं कुणी म्हणालं तर मास्तर निमूटपणे टेप काढत आणि चूक मान्य करत. गाण्यात चूक काढली की मात्र समोरच्याची धडगत नसे. सत्तर ते त्र्याहत्तर या चार वर्षांतली सगळी गाणी आपल्याच शिलाई मशीनवर शिवून बाहेर पडली आहेत, अशा थाटात ते बोलत. त्या काळात त्यांचं वय पाच ते आठ होतं. पण हा हिशोब त्यांच्या तोंडावर मांडण्याची कुणाची छाती नव्हती.

याच चार वर्षांच्या गाण्यांचा एक कार्यक्रम रोज सकाळी अकराला रेडिओवर लागे. मध्ये मध्ये श्रोत्यांचे निरोप वाचत. ऐकायला दुकानात तिघं असत. कापड बेतायच्या टेबलाशी मास्तर, कोपऱ्यात वीस वर्षं काज-बटणं करणारी मावशी आणि शेजारचा सलूनवाला. त्याच्या जिभेला धार फार, म्हणून सगळा रस्ता त्याला वस्तरा म्हणे. अकरा वाजले की हा गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून ‘भिजू दे जरा’ म्हणे आणि मास्तरांकडे येऊन बसे. अशी कितीतरी माणसं अर्धा अर्धा तास भिजली होती.

भांडण झालं ते सोमवारी. कुणा श्रोत्याचा निरोप वाचला गेला, की पारव्याचं ते गाणं ऐकवा, त्याचं तिसरं कडवं लागलं की माझे डोळे भरून येतात.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. “तिसरं? कुठून आणलं यानं तिसरं?”

“गाण्यातूनच आणलं असेल,” वस्तरा म्हणाला. “तीनच कडवी आहेत.”

“दोन! छपराचं एक आणि पावसाचं एक. मी सहा वर्षांचा असल्यापासून ऐकतोय.”

“आणि मी मोठा झाल्यावर ऐकलंय. मला मोजता येत होतं.”

मास्तर पेटले. टेबलावर वाकून, फोनवर एका बोटाने, चष्मा दोनदा पुसून त्यांनी रेडिओ केंद्राला निरोप धाडला, की सदर गाण्यास दोनच कडवी असून श्रोत्यांची दिशाभूल थांबवावी. निवेदिका बिचारी गोड गळ्याची. तिने तो निरोप शब्दन् शब्द वाचला, हसू दाबलं आणि गुरुवारी पूर्ण गाणं ऐकवू, मग तुम्हीच मोजा, असं सांगून टाकलं.

“लागली पैज?” वस्तऱ्याने विचारलं. “मी हरलो तर वर्षभर तुझी दाढी फुकट. तू हरलास तर हा रेडिओ माझ्या दुकानात.”

“लागली,” मास्तर म्हणाले. मावशीने सुई तोंडातून काढून कपाळाला हात लावला.

कारण तो रेडिओ ताईने दिलेला होता. दुकान उघडलं त्या दिवशी मास्तरांची थोरली बहीण तो कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन आली होती. ‘एकटा माणूस मशीनशी बोलायला लागतो, त्यापेक्षा हे बोलू दे,’ म्हणाली होती. अजूनही ती दर रविवारी फोन करायची, आधी रेडिओची चौकशी करायची आणि मग भावजयीच्या गुडघ्यांची. रेडिओ गेला तर तिला काय तोंड दाखवायचं, या विचाराने मास्तरांनी बुधवारी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या लावल्या. पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शिवाय गाणं दोनच कडव्यांचं होतं, मग भ्यायचं कशाला?

गुरुवारी वस्तरा अकराच्या आधीच हजर झाला. येताना रिकामी पिशवी आणली होती, रेडिओच्या मापाची.

गाणं लागलं. छपरावरच्या पारव्याचं पहिलं कडवं झालं. मास्तरांनी एक बोट वर केलं. पावसात भिजलेल्या पारव्याचं दुसरं कडवं झालं. मास्तरांनी दुसरं बोट वर केलं, विजयाने सगळ्यांकडे पाहिलं, तोच हात पुढे केला आणि रेडिओ बंद केला.



“हे काय केलंस?” वस्तऱ्याने विचारलं.

“संपलं की गाणं.”

“अरे संपलं कुठं? तू बंद केलंस!”

“संपल्यावर बंद करतात. नाहीतर जाहिराती लागतात.”

“मास्तर,” मावशी हळूच म्हणाली, “वीस वर्षं बघतेय. हे गाणं लागलं की तुम्ही याच ठिकाणी उठता आणि बटण फिरवता. मला वाटायचं, तुम्हाला पुढचं आवडत नाही.”

मास्तरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. हात अजून बटणावरच होता. वस्तऱ्याने तो सरळ उचलून बाजूला ठेवला आणि रेडिओ पुन्हा लावला.

तिसरं कडवं सुरू झालं होतं. गायक तोच, चालही तीच, फक्त मागचा ताल थांबला होता. दिवेलागणीला कुणीतरी लांबून घरी येतं. पारवा छपरावर आहे, दारही उघडं आहे. पण आल्यावर हाक मारणारी आई घरात नाही, आणि ती आता येणार नाही.

मास्तर खुर्चीवर बसले. त्यांना जुनं घर दिसलं, फळीवरचा रेडिओ दिसला आणि त्याच्या बटणावरची ताईची दोन बोटं दिसली. ते वर्ष आई गेली त्याचं होतं. ‘आई बरी व्हायला गेलीय,’ एवढंच त्यांना सांगितलेलं होतं आणि ते रोज पायरीवर बसून वाट बघत होते. ते गाणं तेव्हा सारखं लागे. दुसरं कडवं झालं की पंधरा वर्षांची ताई हातातलं काम टाकून धावत यायची, बटण फिरवायची आणि म्हणायची, ‘संपलं.’ ते सहा वर्षांचे होते. ताई म्हणाली म्हणजे संपलं. पुढे चोपन्न वर्षं त्यांनी स्वतःच्या हाताने ते तिथंच संपवलं होतं.

गाणं थांबलं. मास्तरांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हाताशी अस्तराचा तुकडाच होता.

“घेऊन जा,” ते वस्तऱ्याला म्हणाले. “हरलो.”

वस्तऱ्याने रेडिओ पिशवीत घातला आणि त्याची वायर गुंडाळली. त्याला जिंकल्याचं कसं वाटावं हे कळत नव्हतं, म्हणून तो गुंडाळतच राहिला. तेवढ्यात मास्तरांनी ताईला फोन लावला. त्यांच्या फोनचा कानाचा आवाज बिघडलेला, त्यामुळे ताई बोलायची ती अख्ख्या दुकानाशी.

“आज काय रविवार आहे?” ताई ओरडली. “कोण मेलं?”

“कुणी नाही. ताई, ते पारव्याचं गाणं आहे ना... त्याला तिसरं कडवं आहे.”



“कुणी ऐकवलं?” तिने विचारलं.

“शेजारच्या सलूनवाल्यानं.”

“मुडदा बसवला त्याचा. आणि रेडिओ ठीक आहे ना?”

मास्तरांनी वस्तऱ्याकडे पाहिलं. वस्तऱ्याने मान खाली घातली, पिशवीतून रेडिओ काढला आणि फडताळावर होता तिथे, धुळीच्या चौकोनात बरोबर बसवून ठेवला. “घरघर करतोय,” तो पुटपुटला. “मला नकोच होता.” आणि त्याचं गिऱ्हाईक भिजत होतं, तरी तो गेला नाही.

“ठीक आहे,” मास्तर म्हणाले. “तू ऐकलं होतंस ना ते पूर्ण?”

“कुठलं पूर्ण! पहिल्यांदा लागलं तेव्हा एक ओळ ऐकली, ‘आई’ शब्द आला आणि तू पायरीवर बसलेला दिसलास. केलं बंद. तेव्हापासून कुठंही लागलं की मी उठून जाते.” ती थांबली. एकोणसत्तर वर्षांची ताई एकदम पंधरा वर्षांच्या आवाजात म्हणाली, “कसं आहे रे? पुढं काय होतं?”

मावशीची सुई थांबली. मास्तरांनी अस्तराचा तुकडा नाकाला लावला, घसा खाकरला आणि गेल्या चोपन्न वर्षांतलं आपलं सर्वांत मोठं जाणकारीचं मत दिलं.

“काही नाही गं. भिकार आहे. उगीच ओढून ताणून लावलंय. गाणं दुसऱ्या कडव्यालाच संपतं.”

“तेच तर मी सांगत होते,” ताई म्हणाली.