एकशे चार टक्के

कपाटाच्या खालच्या खणात एकवीस फायली होत्या. पाच मंजूर, सोळा नामंजूर. शिवाय पंख्याचं एक वाकलेलं पातं आणि तीन मेलेली झुरळं. तिनं झुरळं झाडून काढली, पातं भिंतीला टेकवून ठेवलं आणि फायली वर्षांच्या क्रमानं जमिनीवर मांडल्या.

बाविसावा प्रस्ताव शुक्रवारी पाचच्या आत पाठवायचा होता. आज मंगळवार होता. कम्युनिटी कॉलेजचा हा संध्याकाळचा दुरुस्ती वर्ग. दिवसभर कुठं ना कुठं राबून आलेली माणसं इथं वर्षभरात पंखे, पंप, मीटर दुरुस्त करायला शिकत. प्रस्ताव फेटाळला जाई त्या वर्षी कॉलेज पदरमोड करून वर्ग रेटत असे. यंदा प्राचार्यबाईंनी हात वर केले होते. अनुदान आलं तर वर्ग, नाहीतर नव्या सत्रापासून ही खोली परीक्षा विभागाची.

आजवरचे सगळे प्रस्ताव वर्ग चालवणाऱ्या मास्तरांनीच लिहिलेले, बारीक, उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात; यंदाचा पहिल्यांदाच त्यांची मदतनीस म्हणून तिनं लिहायचा होता. ‘उपक्रमात नवीन काय?’ या रकान्यात पहिल्या वर्षी त्यांनी लिहिलं होतं, ‘वर्गच नवीन आहे.’ चौथ्या वर्षी, ‘टेबलं नवीन आहेत.’ नवव्या वर्षी, ‘खिडकीला जाळी बसवली.’ ती एकटीच खुदकन हसली. चौदाव्या फायलीत मात्र तिचं बोट थांबलं. ‘अभ्यासक्रम पूर्ण करणारे: एकशे चार टक्के.’ खाली अनुदान समितीचा लाल शाईतला शेरा होता, ‘अभिनंदन!’

विज्ञानाची पदवी घेतलेल्या माणसाला असा टक्का पचणं अवघड. तिनं त्या वर्षीचा पट काढला. प्रवेश पंचवीस. पूर्ण केलेले सव्वीस. सव्विसावी एक नर्स होती. तिचा प्रवेश तीन वर्षं आधीचा.

मग तिच्या लक्षात आलं. खरं तर हे तिला आधीच माहीत होतं, फक्त आकड्यांत कधी मांडून पाहिलं नव्हतं. मास्तर पटावरून नाव काढत नसत. कुणी मधेच सोडून गेला की त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या पटावर सगळ्यांत वर चढे आणि रोज पुकारलं जाई. गैरहजर नावाला वर्गातलं कुणीतरी उत्तर देई, “येईल.” हजेरीला बारा मिनिटं लागत. नवी मुलं पहिले आठ दिवस कुजबुजत, की मास्तर भुतांचीही हजेरी घेतात.

नऊ वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली तेव्हा दुसऱ्या सत्रात तिनंही वर्ग सोडला होता. दोन वर्षांनी ती नुसती चौकशी करायला आली आणि दारात थबकली. आत सोल्डरचा धूर होता, तोच कडवट वास, आणि मास्तर तिचं नाव पुकारत होते. खिडकीजवळून एक शिंपी मान वर न करता म्हणाला, “येईल.” त्यानं तिला जन्मात पाहिलेलं नव्हतं.

“हजर,” ती म्हणाली होती.

मास्तरांनी वर पाहिलं होतं आणि पुढचं नाव घेतलं होतं.

बुधवारी दिवसभर तिनं दहा वर्षांचे पट पालथे घातले. संध्याकाळी कागद घेऊन ती मास्तरांसमोर उभी राहिली. ते एका मोटारीला तार गुंडाळत होते.

“काय गं मोजपट्टी, किती भरलो आम्ही?”

“दोनशे चौसष्ट जणांनी प्रवेश घेतला. एकशे चौदा जणांनी वर्षात पूर्ण केलं. चौऱ्याहत्तर जणांनी मागाहून परत येऊन. उरलेले शहात्तर अजून पटावर आहेत.”

“म्हणजे एकाहत्तर टक्के. एखादं वर्ष सोडलं तर तेवढंच येतं थोडंफार.”

“यंदा फॉर्म बदललाय, मास्तर. मुदतीत पूर्ण केलेले किती, असं विचारलंय. त्रेचाळीस येतात.”

त्यांचा हात थांबला.

“मग इतकी वर्षं मी खोटं लिहिलं म्हणायचं.”

“तेव्हा मुदत कुणी विचारली नव्हती.”

“मुदत मोटारीला असते गं. तेवढ्यात बिघडली तर बदलून मिळते.” त्यांनी वेढे पुन्हा सुरू केले. “तुझं नाव कुठल्या खान्यात पडलं?”

तिनं टेबलावरचा तारेचा तुकडा उचलला, सरळ केला, परत ठेवला.

“चौऱ्याहत्तरात.”

“हं,” मास्तर म्हणाले. “बघ बाई. आता लिहिणारी तू.”

गुरुवारी प्राचार्यबाईंनी मसुदा उभ्यानंच वाचला.

“त्रेचाळीस? साठच्या खाली आजवर कुणाला मिळालंय का? आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा?”

“आकडा तेवढाच आहे, बाई.”

“आणि हे ‘नवीन काय’चं उत्तर! मी म्हटलं होतं, एखादं ॲप-बिप दाखव. तू लिहिलंयस, ‘पटावरून नाव काढलं जात नाही.’ अगं, याला नवीन नाही, गबाळेपणा म्हणतात.”

“दुसऱ्या कॉलेजांत विचारलं मी. अकरा ठिकाणी. कुठंच असं करत नाहीत.”

“का करतील? त्यांना कामं आहेत.” बाई खुर्चीत बसल्या. चष्मा काढून त्यांनी पुन्हा वाचलं. त्रेचाळीसखाली तिनं एक ओळ वाढवली होती, फॉर्ममध्ये नसलेली. ‘मुदतीनंतर परत येऊन पूर्ण केलेले: अठ्ठावीस टक्के.’ “ही ओळ कुणी मागितली?”

“कुणी नाही.”

“मग?”

“ती माणसं आहेत ना, बाई.”

बाहेर शिपायानं घंटा दिली. बाई पेनचं टोपण उघडत-लावत राहिल्या.

“वर्ग बंद पडला तर मास्तरांना तू सांगायचंस. मी नाही.”

“सांगीन.”

बाईंनी सही केली. प्रस्ताव शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी गेला.

उत्तर नऊ आठवड्यांनी आलं. मागितली होती तीन वर्षं, मिळालं एक. समितीनं शेवटी दोन ओळी जोडल्या होत्या: ‘वर्षअखेर दोन्ही आकडे कळवावेत. दुसरा आकडा मोजण्याची पद्धत लिहून द्यावी.’ मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “चला, हजेरी.”

वर्ष संपल्यावर तिनं अहवाल लिहिला. पद्धत सांगायला तिला दीड ओळ लागली. त्याखाली आकडे होते.

प्रवेश: सव्वीस. मुदतीत पूर्ण केलेले: तेरा. मुदतीनंतर परत येऊन पूर्ण केलेले: सहा. सोडून जाणं आणि परत येणं यांतलं सर्वांत मोठं अंतर: सतरा वर्षं, चार महिने.